कोरड्या दिवसाचं पाणी

१

आमच्या अंगणात तुळशीपासून बारा पावलांवर पाऊस मोजायचं नळकांडं आहे. बसवून एकतीस वर्षं झाली. बसवायला आलेल्या साहेबांना रोज सकाळी घरात सापडेल असा माणूस हवा होता, शिकलेला नसला तरी चालत होतं. शिकलेला माणूस करंजवाडीत राहतच नाही, त्यामुळं माझा नंबर लागला. आकडे मला त्या साहेबांनी शिकवले. अक्षरं नंतर तानीनं शिकवली. तानी म्हणजे तानाबाई, माझी बायको, चौथी पास.

काम सोपं आहे. सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, वरचं नरसाळं उचलायचं, आतली बाटली बाहेर घ्यायची. बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं. माप डोळ्यासमोर धरायचं आणि पाण्याची वर चढलेली कड बघायची नाही, मधला खळगा बघायचा. खळगा ज्या रेघेवर असेल तो मिलीमीटरचा आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी उघडून बघायचं आणि शून्य लिहायचं. एकतीस वर्षांत मी शून्यंच जास्त लिहिली आहेत.

आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, झाड नाही की आडोसा नाही. पायाशी खोरं, ते थेट गडहिंग्लजपर्यंत पसरत जातं. चैत्र-वैशाखात खोरं तापतं, तापलेली हवा डोंगर चढते, पलीकडून कोकणातला ओला वारा येतो, आणि दुपारी तीननंतर दोघांची गाठ सड्यावर पडते. तिथं गारा आणि विजा चालू असतात तेव्हा खाली खोऱ्यात बायका निवांत पापड वाळवत असतात. जिल्ह्याला एकच अंदाज सांगून आमच्याकडं भागत नाही.

म्हणून चार वर्षांपासून मी आदितीलाही आकडा सांगतो. आदिती मगदूम, पोरगी तिशीची. कोल्हापुरात राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची हवामानाची कचेरी आहे. माझ्यासारखी पंचवीस-तीस माणसं डोंगरातून तिला सकाळी आकडे सांगतात. अकरा वाजता तिचा आवाज सगळ्यांच्या मोबाईलवर येतो. घाटमाथा असा, खोरं असं. काजूवाले, आंबेवाले, वीटभट्टीवाले त्या आवाजावर दिवस ठरवतात.

ही वही मी तिच्या सांगण्यावरून लिहितोय. सगळं लिहा, म्हणाली. तर सगळं लिहितो.

२

चैत्रातली गोष्ट. दहा दिवस पावसाचा थेंब नव्हता. अंगणातली माती पीठ झाली होती, कोंबडी चालली तरी धूळ उडत होती. मी नेहमीसारखं नरसाळं उचललं. नरसाळ्यात धूळ होती, कोरडी. बोट फिरवलं तर रेघ उमटली.

खाली बाटलीत पाणी होतं.

मापात ओतलं. चार पॉइंट दोन.

मला भीती वगैरे वाटली नाही. पहिल्यांदा हंबीररावाचा राग आला. हंबीरराव आमचा शेजारी, दूध संस्थेचा चेअरमन, जुना सोबती आणि जुना चेष्टेखोर. मला गावात "मिलीमीटर" हे नाव त्यानंच पाडलं. मी कुंपणावरून हाक मारली.

"हंबीर, माझ्या बाटलीत पाणी वतलास व्हय रं?"

"तुझ्या बाटलीत पाणीच हाय न्हवं? मग घाबरतोस कशाला? तानावहिनीला सांग, सुटली म्हणावं." आणि आपल्याच बोलण्यावर हसत म्हशीच्या अंगावर बादली ओतली.

पण कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या करदोट्याला असते, अंघोळीलासुद्धा काढत नाही. मग म्हटलं, बाटली काल आपणच धुतली असेल आणि विसरलो असू. म्हातारपण आहे. पाणी तुळशीला घातलं आणि वहीत शून्य लिहिलं. पाऊस पडलेलाच नाही तर चार पॉइंट दोन कसं लिहायचं? आदितीला फोनवर म्हटलं, "शून्य."

ती म्हणाली, "छान आबा. उकाडा हाय का लई?"

"हाय."

त्याच दुपारी चार वाजता ढग फुटला आणि वीस मिनिटं सडसडून वळीव पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माप डोळ्यासमोर धरलं. चार पॉइंट दोन. खळगा अगदी त्याच रेघेवर होता.

मी माप पुसलं आणि पुन्हा पाणी ओतून बघितलं. मग म्हटलं, असा योगायोग होतो की. एकतीस वर्षांत एकदा तर होणारच.

३

दुसऱ्यांदा झालं तेव्हा मध्ये नऊ दिवस गेले होते. त्या दिवशी बाटलीला हात लावला आणि मागं घेतला. बाटली गार होती. विहिरीतल्या पाण्यासारखी नव्हे, त्याहून गार. बाहेरून तिला घाम आला होता. साडेआठलाच ऊन चटके देत होतं आणि माझ्या हातात गार बाटली. अकरा पॉइंट सहा.

ओसरीवर बसून बराच वेळ मी तिच्याकडं बघत राहिलो. आतून तानी म्हणाली, "आवं, च्या निवाला की. काय मूल झोपवालायसा काय मांडीवर?"

तिला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? उगाच तिच्या जिवाला घोर. मी पाणी तुळशीला घातलं. पुन्हा शून्य लिहिलं. आदितीलाही शून्यच सांगितलं.

दुपारी गारा पडल्या. आवळ्याएवढ्या. घरामागच्या परड्यातल्या भोपळ्याच्या वेलाची चाळण झाली. दुसऱ्या सकाळी आकडा किती आला ते मी सांगायला नको.

त्या दिवशी मी आदितीला जरा आडून विचारलं. "पोरी, पाऊस नसताना बाटलीत पाणी येतंय काय गं कधी?"

"दव असंल, आबा."

"दव येवढं? मापाच्या अर्ध्या वर?"

तिनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आबा, बाटलीत जे असंल ते मला सांगायचं. पडला का न्हाई पडला हे तुम्ही ठरवायचं न्हाई. ते माझं काम."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला चटका बसला. एकतीस वर्षांपूर्वी त्या साहेबांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. बाटलीत दिसेल ते लिहा, मनातलं लिहू नका. आणि मी दोनदा मनातलं लिहिलं होतं.

"कधी आलतं पाणी?" तिनं विचारलं.

"न्हाई, असंच इचारलं," मी म्हणालो.

हे तिसरं खोटं.

४

वैशाख लागला. नरसाळ्याच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं केलं होतं, म्हणून मी वाकलो. बाटली काढायची होती अजून. वाकताना उजवा कान नरसाळ्याच्या जवळ गेला.

आत पाऊस पडत होता.

नीट सांगतो. आभाळ निळं होतं, वारा नव्हता. डाव्या कानानं मला घरातून तानीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. थप, थप, मग परातीवर हात झटकल्याचा. आणि उजव्या कानात पाऊस. पत्र्यावर पडणारा पाऊस वेगळा वाजतो, मातीत वेगळा, पानांवर वेगळा. हा खडकावर पडत होता. मोठा, तिरपा, लांबवर पसरलेला. असा खडक आमच्या भागात एकच आहे.

मी श्वास रोखून ऐकलं. शंखात समुद्र ऐकू येतो तसलं काही असेल, असं मनाला सांगत होतो. नरसाळं पोकळ आहे, कान म्हातारा आहे.

तेवढ्यात त्या पावसातून हाक आली.

"आवं."

लांबून आली. वाऱ्यानं फाटलेली.

"आवं, ऐकलासा का?"

पंचेचाळीस वर्षांत तानीनं माझं नाव घेतलेलं नाही. घरात, शेतात, एस. टी. स्टँडवर, "आवं" हेच माझं नाव. तिचा आवाज मी गर्दीतून ओळखतो. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा ती रडवेली होती, आणि त्यानंतर नुसता पाऊस वाजत राहिला. कुणी ओ दिली नाही.

घरात भाकरी थापणं चालूच होतं. थप, थप.

मी आत गेलो. तानी चुलीपुढं बसली होती, कपाळावर पीठ लागलेलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय ओ? भूत बघिटल्यागत काय उभं राहिलायसा?"

"भूक लागली," मी म्हणालो.

अंगणात परत जाऊन बाटली काढली. ती गळ्यापर्यंत आली होती. माप वीसचं आहे. तीन मापं भरली आणि वर उरलं ते तीन पॉइंट चार.

त्रेसष्ट पॉइंट चार. वैशाखात एवढा पाऊस आमच्याकडं एका दिवसात मी कधी लिहिलेला नाही.

तो मंगळवार होता. चाळोबाच्या आंबलीचा मंगळवार.

५

आंबलीची रीत सांगायला हवी. वैशाखातल्या दुसऱ्या मंगळवारी वाडी सड्यावर जाते, आमच्या चाळोबा देवाच्या दगडाला आंबील दाखवायला. दुपारी बाराला निघायचं, तीनला वर, चारला निवद. घागर एका घरच्या बाईच्या डोक्यावर. घरं बावीस आणि पाळी वर्षाला एका घराची. म्हणजे एका घराला बावीस वर्षांनी मान येतो. मागच्या वेळी आमच्या घरची घागर माझ्या आईनं नेली होती. यंदा तानीची पाळी. पुढच्या पाळीला आम्ही दोघं असणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तिनं महिनाभर आधी नवी घागर आणली होती. नाचणीचं पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवलं होतं. हिरवं लुगडं खुंटीवर होतं.

आणि मी तिचा आवाज खडकावरच्या पावसात ऐकला होता.

अकराला आदितीचा संदेश आला. "घाटमाथा, आज निरभ्र. सड्यावर वळवाची शक्यता नाही. खोरं, कोरडं, कमाल तापमान एकोणचाळीस." मी मोबाईल खिशात घातला आणि दूध संस्थेच्या पायरीवर गेलो. माणसं जमायला लागली होती, ढोलकीवाला ढोलकी शेकत होता.

"आज वर जाऊ नका," मी म्हणालो. "कोल्हापूरच्या बाईंचा फोन आलता. सड्यावर ईज हाय. मोठा पाऊस हाय."

हंबीररावानं आभाळाकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. ढगाचं बोटभर ठिगळ नव्हतं.

"मिलीमीटर," तो म्हणाला, "ऊन लागलंय तुला. जा, ताक पी."

"हंबीर, साठ माणसं हाईत. बायका हाईत, पोरं हाईत. उघडा खडक हाय."

"आरं पर मला तर मोबाईलवर निरभ्र म्हणाली ती!"

"त्येच्या मागनं मला फोन केला तिनं. येगळा."

मी असं तोंडावर खोटं बोलतो हे गावाला माहीत नव्हतं. त्यामुळं खपलं. थोडी कुरबुर झाली, मग हंबीररावच म्हणाला, "बरं. ज्ञानू कधी उगाच बोलत न्हाई. फुडल्या मंगळवारी जाऊ. चाळोबा काय एस. टी. न्हवं, चुकाय."

दिवसभर आभाळ निळंच राहिलं. पाचला मी बाहेर येऊन बघितलं, सहाला बघितलं. सड्याची कड उन्हात पिवळी दिसत होती. पोरं येता-जाता मला बघून डोक्यावर टोपलं धरत होती, पाऊस लागल्यासारखं.

आंबील तानीनं शेजारीपाजारी वाटली. सगळं आवरल्यावर म्हणाली, "माझीच पाळी आडवायची हुती व्हय ओ?"

"तानी, तसं न्हाय."

"मग कसं हाय?"

मी उठून पुन्हा सड्याकडं बघायला बाहेर गेलो.

दुसऱ्या सकाळी नरसाळं उचललं. आदल्या दिवशी मी बाटली पालथी करून, झटकून ठेवली होती. पाऊस पडला नव्हता, म्हणजे ती कोरडी हवी.

त्रेसष्ट पॉइंट चार.

६

गुरुवारी तेवढंच. शुक्रवारी तेवढंच. शनिवारी, रविवारी. रोज मी बाटली रिकामी करायचो आणि रोज ती तेवढीच भरलेली असायची, तीन मापं आणि वर तीन पॉइंट चार. पाऊस कुठंच नाही. आदितीला रोज शून्य.

या दिवसांत मी खूप विचार केला. मला विचार करायला वेळ लागतो, पण मी करतो. आधी दोन्ही वेळा पाणी सकाळी आलं आणि त्याच दुपारी पडून मोकळं झालं. हे पडत नव्हतं. आम्ही गेलो नाही म्हणून ते जायचं थांबलं होतं. पाहुणा दारात आला, घरधनी घरात नाही, म्हणून पायरीवर बसून राहावं, तसं. ढगाला हवा लागते, ऊन लागतं, वारा लागतो, हे मला आदितीनं समजावलंय. पण या पावसाला आणखी काहीतरी लागत होतं. त्याला माणूस लागत होता.

मंगळवार जवळ येत होता. या वेळी गाव माझं ऐकणार नव्हतं. तानीनं तर सांगूनच टाकलं, "गाव न्हाई आलं तर येकटी जाईन. घागर माझ्या डोस्क्यावर, पाय माझे."

सोमवारी आकडा घेतला, काठी घेतली आणि सड्याची वाट कशी आहे ते बघून येतो म्हणून निघालो. माझी काठी शेवरीची आहे, वरच्या टोकाला आकडी, करवंदाच्या जाळीतली फांदी खाली ओढायला. गुडघे दुखत होते. बसत, उठत साडेअकराला सड्यावर पोचलो.

वर ऊन नुसतं ओतत होतं. खडकावर वाफ नाचत होती. टिटवी ओरडली आणि गप्प झाली. चाळोबाचा दगड मधोमध आहे, कमरेएवढा, शेंदूर लावलेला. मी त्याच्याकडं चालत गेलो आणि वीस पावलांवर थांबलो.

दगडाच्या भोवतीचा खडक ओला होता.

चांगला खळ्याएवढा. काळाभोर, चकचकीत ओला. खाचांतून पाणी साठलं होतं आणि त्यात निळं आभाळ दिसत होतं. त्या ओल्या खडकाच्या मधे एक जागा कोरडी होती.

पाऊस यायच्या आधी अंगणात बाज असली, आणि पावसानंतर ती उचलली, की खाली कोरडी माती राहते. तशी. पण बाजेची नव्हे. कुशीवर निजलेल्या माणसाची. डोकं, खांदा, पोटाशी घेतलेले गुडघे. कडा इतक्या स्वच्छ होत्या की हाताची बोटं मोजावीत.

तानी अशीच निजते, गुडघे घेऊन. मनात एवढंच होतं, की तिला इथं येऊ द्यायचं नाही, पाय मोडावे लागले तरी.

मग मला ती रेघ दिसली.

त्या आकाराच्या शेजारी, हातापासून निघालेली, सरळ, कोरडी रेघ. वरच्या टोकाला आकडी.

तानी काठी वापरत नाही.

खाचांतलं पाणी चुकवत मी त्या आकारापाशी गेलो आणि वाकून माझी काठी त्या रेघेवर ठेवली. आकडीवर आकडी बसली. शेवरीला मधे एक गाठ आहे, तिथं रेघेलाही फुगवटा होता.

माणसाला अशा वेळी काय वाटायला हवं ते मला माहीत नाही. मला हायसं वाटलं. खोटं सांगत नाही. छातीवरचा दगड उतरला. सात दिवस मी हाक कुणी मारली तेवढंच धरून बसलो होतो. हाक कुणाला मारली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "आवं" म्हणून तानी दुसऱ्या कुणाला हाक मारेल?

पावसात पडलेली ती नव्हती. ती मला शोधत होती.

मी काठी उचलली आणि खाली आलो.

७

मंगळवारी वाडी सड्यावर गेली. मी गेलो नाही. गुडघे धरलेत म्हणालो. तानी हिरव्या लुगड्यात, डोक्यावर घागर, ढोलकीच्या मागं. वळणावर तिनं मागं वळून बघितलं. मी काठी वर केली. आभाळ दिवसभर निळं राहिलं. संध्याकाळी सगळी धडधाकट परत आली. हंबीरराव अंगणात येऊन म्हणाला, "मिलीमीटर, छत्री न्यायची राहिली की रं!" मी पोटभर हसलो. बऱ्याच दिवसांनी.

तानीला मी हळूच विचारलं, "दगडापाशी खडक वला हुता काय गं?"

"छ्या. पाय भाजत हुतं."

तानी त्या दिवशी खूश होती. एवढं मला पुष्कळ होतं.

बुधवारी बाटलीत पुन्हा त्रेसष्ट पॉइंट चार. मी आदितीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. चैत्रातल्या चार पॉइंट दोनपासून. खोटी शून्यं सांगितली. तिच्या नावावर गावाला खोटं बोललो तेही सांगितलं. मागं दवाखान्यातलं पोरगं रडत असलेलं ऐकू येत होतं.

"आबा," शेवटी ती म्हणाली, "तुमच्या शून्यांपुढं मी खूण करून ठेवलीया. तुम्ही बाटलीतल्या पाण्याचं आडून इचारलंत तवापासनं. मला वाटलं, आबांची नजर गेली."

"नजर हाय अजून."

"घाबरू नका. मी उद्या येते. माझ्या आप्पांना घेऊन येते, गाडी हाय त्यांची. तवर सगळं वहीत लिहून ठेवा. आणि आता आकडा सांगा."

"त्रेसष्ट पॉइंट चार."

"लिहिला," ती म्हणाली. तिनं खरंच लिहिला. पेनाचा आवाज आला.

आज सकाळी मी तानीला बोलावलं आणि तिच्या हातात माप दिलं. ती म्हणाली, "आता म्हातारपणी मला नोकरीला लावतायसा व्हय?"

"शिकून ठेवावं. मी कवा आजारी पडलो तर."

मग म्हटलं, "डोळ्यासमोर धर. कड बघू नको. मधला खळगा बघ."

तिला पटकन जमलं. अक्षरं मला शिकवताना तिला सहा महिने लागले होते, आणि मी तिला हे पाच मिनिटांत शिकवलं. ती मोजत गेली, "येक भरलं. दोन. तीन. वर तीन, आणि चार बारक्या रेघा." मग माप खाली घेऊन तिनं अंगणाकडं बघितलं, धुळीकडं बघितलं. "आवं, पर काल पाऊस कुठं पडला?"

"पडायचा हाय," मी म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. करदोट्याची किल्ली काढून तिच्या हातात दिली तेव्हाही बघत होती.

अकराला आदितीचा संदेश आला. "घाटमाथा, दुपारनंतर मेघगर्जनेसह वळीव. खोरं, कोरडं." मग थोडी थांबली. असं ती कधी थांबत नाही. "घाट आणि खोऱ्याच्या मधल्या वाड्या, आज काही सांगता येत नाही. माणसांनी घरात थांबावं."

ते माझ्यासाठी होतं. मी घरातच थांबणार होतो. जेवणं झाल्यावर वहीची राहिलेली पानं पुरी करायला तुळशीजवळ बसलो. उजेड इथंच बरा असतो, घरात मला अक्षर दिसत नाही. काठी शेजारी ठेवली आहे. ढग आले की उठून आत जायचं, असं ठरवलं आहे. ढग अजून सड्याच्या पलीकडं आहेत.

त्या सोमवारपासून मी एक करतो. तानीनं हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ देतो. त्या नरसाळ्यातल्या आवाजाला कुणी ओ दिली नव्हती, ते मला सहन होत नाही.

तीन वाजून गेले. तानी परड्यात लाकडं झाकायला गेली आहे. आदिती आणि तिचे आप्पा घाट चढत असतील.

नळकांड्यावर आत्ता एक थेंब वाजला. अजून एक.

अंगणाची माती ठिपक्या-ठिपक्यांनी काळी पडते आहे. ठिपके मोठे आहेत. ढग मात्र अजून तिथंच आहेत, सड्याच्या पलीकडं. मी सड्यावर गेलो नाही, तर पायरीवरचा पाहुणाच अंगणात आला. मी उठतोच आहे. एवढी ओळ पुरी करतो.

तानीनं हाक मारली. "आवं."

मी ओ दिली.

"आवं, ऐकलासा का?"

मी मोठ्यानं ओ दिली. ती परड्याच्या दारात आली आहे, पदर डोक्यावर धरून. मी तिला दिसावा इतक्या जवळ आहे. ती अंगणभर बघते आहे, नजर माझ्यावरून तशीच पुढं जाते.

सगळं अंगण भिजलं. मी बसलो आहे तेवढी माती कोरडी, काठीच्या खालची कोरडी. वहीचं पानही कोरडं आहे, शाई पसरत नाही.

तिसऱ्यांदा हाक मारते आहे. मी ओ देतोच आहे.

आदिती, उद्याचा आकडा तानी सांगेल. बरोबर सांगेल.